गल्ल्यातील चांदी

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून दुकानात परत यावे, गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली की गल्ल्यातील चिल्लर गादीवर ओतावी, रुपया, दोन, पाच आणि दहाच्या थप्प्या लावाव्यात व मग रोजकीर्द लिहायला घ्यावी, हा व्यापारी घरांचा जुना नित्यक्रम आहे. अलीकडे या थप्प्या लावायला घरातील मुले आपणहून पुढे येतात. त्यांना मोजण्यात रस नसतो, शोधण्यात असतो. चिल्लरीत चांदीचे नाणे निघते, टाकसाळीत चुकून वेगळे उमटलेले नाणे लाखांना विकले जाते, असे त्यांनी मोबाईलवर पाहिलेले असते.

या छंदात गैर काही नाही. नाणे पारखणे ही तर सराफी विद्येची पहिली पायरी. परंतु नाणे किती किमतीचे, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न उभा राहतो: ते नाणे कोणाचे? श्रावकाच्या घरात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागते.

चांदी चलनातून केव्हा गेली

चिल्लर धुंडाळून चांदी काढण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेतला. तेथे १९६४ पर्यंतच्या दहा व पंचवीस सेंटच्या नाण्यांत ९० टक्के चांदी होती. पुढे ती काढून टाकली, पण नाण्यांचा आकार आणि दर्शनी किंमत तीच राहिली. त्यामुळे जुनी नाणी नव्यांत मिसळून फिरत राहिली आणि बँकेतून चिल्लरीच्या गुंडाळ्या आणून त्यांतून चांदी वेचणारे लोक तयार झाले. भारतातील हकीकत वेगळी आहे.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. तोळ्याचे वजनही हेच, म्हणून राणीछाप रुपया कित्येक दुकानांत वजन म्हणूनही तराजूत बसला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लोकांनी चांदीचे रुपये दडवून ठेवले आणि बाजारात सुट्ट्यांची टंचाई झाली. सरकारने १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त मिसळले. व्हिक्टोरिया राणीचे रुपये १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये आणि पाचव्या व सहाव्या जॉर्जचे उंची कसाचे रुपये १९४३ मध्ये चलनातून बाद झाले. १९४७ साली आलेला वाघाच्या चित्राचा रुपया शुद्ध निकेलचा होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धतीचे नवे पैसे आले, त्यांत तर चांदीचा प्रश्नच नव्हता.

याचा अर्थ स्पष्ट आहे. आजच्या गल्ल्यात आपोआप फिरत आलेले चांदीचे नाणे सापडणे जवळजवळ अशक्य. गांधी जन्मशताब्दीचे १९६९ चे दहा रुपयांचे नाणे हा एक अपवाद सांगता येईल. ते १५ ग्रॅमचे असून त्यात ८० टक्के चांदी आहे, पण तेही लोकांनी तेव्हाच पेटीत ठेवले. म्हणून आज गल्ल्यात चांदीचे नाणे आलेच, तर ते चलनातून आलेले नसते, कोणाच्या तरी पेटीतून, गाठोड्यातून किंवा देव्हाऱ्यातून आलेले असते. ही गोष्ट मनात पक्की धरावी, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे.

हाली आणि कलदार

लातूर जिल्ह्यातील जळकोट १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. त्यापूर्वीचा त्याचा सारा व्यवहार उदगीरशी जोडलेला आणि उदगीरचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात. या भागातील जुन्या पेट्यांत म्हणूनच दोन प्रकारचे रुपये एकत्र सापडतात: इंग्रजांचा ‘कलदार’ आणि निजामाचा ‘हाली’. कळीने, म्हणजे यंत्राने पाडलेला म्हणून कलदार. राज्यात चालू असलेला म्हणून हाली.

हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असते आणि साल हिजरी असते. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नाण्यांवर चारमिनारच्या मधल्या कमानीत त्याच्या नावाचे पहिले अक्षर ‘ऐन’ कोरलेले दिसते. आरंभीच्या वर्षांत हे अक्षर अपुरे आहे, नंतर ते पूर्ण झाले. नाणी जमवणारा आधी तिकडेच पाहतो.

या दोन रुपयांचा बट्टा जुन्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ असे: सात हाली म्हणजे सहा कलदार. आज कोणी हा दर मनमानी समजेल, पण तो चांदीतच दडलेला होता. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि कस ८१.८ टक्के. त्यात शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम, सात रुपयांत ६४ ग्रॅम. कलदारात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम, सहा रुपयांत ६४ ग्रॅमहून किंचित अधिक. दोन्हीकडचे पारडे जवळपास समान. ज्या मुलांना नाण्यांचा नाद लागला आहे, त्यांना हा हिशेब एकदा कागदावर करायला द्यावा. आजोबांच्या काळचा बाजार त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर समजेल.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू लागला आणि १९५९ मध्ये हालीचा व्यवहार संपला. त्यानंतर चारमिनारचे रुपये राहिले ते पेटीत, लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात, वहीपूजनाच्या पाटावर, किंवा तांड्यावरच्या स्त्रियांच्या गळ्यातील माळेत.

चुकलेला ठसा

चांदी मिळणार नाही, पण चुकलेले नाणे मात्र आजच्या चिल्लरीत खरोखर मिळू शकते. टाकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. चकती एका कड्यात बसते आणि वरून-खालून दोन ठशांचा दाब पडून छापा व काटा एकदम उमटतात. या प्रत्येक पायरीवर चूक संभवते. पट्टीच्या टोकाशी कापलेली चकती एका बाजूने सरळ रेषेत कमी भरते. चकती कड्यात नीट बसली नाही, तर नक्षी एकीकडे सरकते आणि दुसरीकडे कोरी जागा राहते. ठसा जागेवरून फिरला, तर छापा सरळ धरून नाणे उलटल्यावर काटा तिरपा दिसतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर एका बाजूला तीच नक्षी उलटी आणि खोलगट उमटते. दहा रुपयांच्या दुहेरी धातूच्या नाण्यात आतली चकती सरकण्याचा दोषही आढळतो.

सालाखालची खूण मात्र चूक नव्हे. चौकट मुंबईची, पाच टोकांचा तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि कोणतीही खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. मुंबईची टाकसाळ १८२९ पासूनची, हैदराबादची १८०३ पासूनची आणि नोएडाची १९८८ पासूनची. ऐंशीच्या दशकात सुट्ट्यांची टंचाई पडल्यावर सरकारने परदेशातही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या काही रुपयांवर ‘एच’ आणि १९८८ च्या काही नाण्यांवर ‘सी’ ही इंग्रजी अक्षरे आढळतात, ती अनुक्रमे बर्मिंगहॅम व ओटावा येथील टाकसाळींची. अशा नाण्यांना ‘चुकीची’ म्हणून विकणारे लोक आहेत, तेव्हा एवढी ओळख हवीच.

चुकीच्या नाण्याची सर्वांत गाजलेली भारतीय कथा १९११ ची. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती असा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला आणि असंतोष पसरला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यांपैकी सुमारे ७ लाख बाहेर पडले होते. सरकारने वाटप थांबवले, बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले. येथे यंत्र चुकले नव्हते, कारागिराची रेघ चुकली होती. पण त्या रेघेमुळे तो रुपया आज इतर कलदारांपेक्षा महाग आहे.

जेथे किंमत तेथे नक्कल, हेही लक्षात ठेवावे. दोन्हीकडे छापा असलेले नाणे बहुधा दोन नाणी कापून जोडलेले असते. भिंगाखाली कडेच्या आत सांधा दिसतो, वाजवले तर आवाज बद्द येतो. १९३९ चा रुपया अतिशय दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे बाजारात दिसणारा १९३९ चा रुपया नकली असण्याची शक्यता अधिक. साध्या परीक्षा घरीही करता येतात. चांदीला लोहचुंबक ओढत नाही, निकेलच्या १९४७ च्या रुपयाला ओढतो. बारीक काट्यावर कलदार ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, झिजेमुळे थोडा कमी भरेल, अधिक भरणार नाही. आणि एक पथ्य: जुने नाणे राखेने, चिंचेने किंवा पावडरीने कधीही घासू नये. काळेपणा निघतो, त्याबरोबर संग्राहकाची किंमतही निघून जाते.

मोबाईलवरील जाहिरातींविषयी तर सावधच राहावे. वैष्णोदेवीच्या चित्राचे नाणे दाखवा आणि लाखो रुपये घ्या, फक्त आधी नोंदणीचे शुल्क भरा, अशी त्यांची रीत असते. जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्या भामट्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. विकत घेणारा आधी पैसे मागतो, असा सौदा कोणत्या पेठेत होतो?

बिस्किटाचा पुडा

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. जळकोटच्या पेठेतील एखादे किराणा दुकान डोळ्यांपुढे आणावे. शाळा सुटल्यावर सात-आठ वर्षांचे पोर येते, बिस्किटाचा पुडा मागते आणि मूठ उघडते. मुठीत कुंकवाने माखलेला, काळसर, मोठा रुपया. दुकानदार ओळखतो की हा राणीछाप आहे. पोराच्या लेखी तो एक जुना पैसा.

पुडा देऊन रुपया खिशात टाकणे सोपे आहे. मनही लगेच वकिली करू लागते: त्याने नाणे दिले, आपण माल दिला, जबरदस्ती कोठे झाली? जैन आचारात याला उत्तर आहे आणि ते एका शब्दात आहे: अदत्तादान. न दिलेले घेणे. पोराने दिला तो बिस्किटाचा दाम, तोळाभर चांदी त्याने दिलेली नाही, कारण ती देतो आहोत हेच त्याला ठाऊक नाही. शिवाय ती द्यायला ती त्याची नाहीच. देव्हाऱ्यातील रुपया घरच्या वडीलधाऱ्यांचा. हात पुढे झाला म्हणजे दान झाले असे नव्हे, देणाऱ्याला आपण काय देतो हे कळले पाहिजे.

तेव्हा पुडा द्यावा, त्याची रक्कम उधारीत मांडावी आणि रुपया कागदात गुंडाळून घरी पोचवावा. आजी दारात येऊन म्हणेल, “शेटजी, पोरानं देवातला रुपया नेला की हो!” तिला सांगावे, “माय, हा घ्या तुमचा रुपया. तोळ्याचा आहे, चांदीचा. जपून ठेवा. कधी मोडायची वेळ आलीच तर चार ठिकाणी विचारून मोडा.” या बोलण्याला खर्च काहीच नाही, पण पेठेत दुकानाची पत यातूनच उभी राहते.

दुसरा प्रसंग याहून अवघड. पेरणीच्या तोंडावर एखादा शेतकरी गाठोडे घेऊन सराफाकडे येतो. त्यात काही हाली, काही कलदार, काही युद्धकाळातील निमचांदीचे रुपये, आणि एखादे दुर्मिळ सालाचे नाणे. शेतकऱ्याला ती सारी ‘जुनी चांदी’ वाटते. सराफ म्हणेल, पारख हे माझे भांडवल आहे, ते मी वर्षानुवर्षे कमावले, त्याचा लाभ मी का घेऊ नये? या म्हणण्यात तथ्य आहे. विद्येचे मोल घेणे पाप नाही. परंतु मोल उघडपणे घ्यावे. तीन ढीग वेगळे करावेत, प्रत्येकाचे वजन आणि कस सांगावा, दुर्मिळ नाणे बाजूला काढून ‘हे मोडू नका, याला संग्राहकाकडे अधिक किंमत येईल’ असे सांगावे, आणि मग आपली मजुरी वा बट्टा बोलून घ्यावा. नफा तोच, पण तो दुसऱ्याच्या अज्ञानातून न येता आपल्या कामातून येतो.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, वजनमापांत कमी-अधिक करणे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली नकली देणे. ही यादी वाचताना ती जणू सराफकट्ट्यावर बसून केली आहे असे वाटते. गल्ल्यात आलेले खोटे नाणे ‘आपल्याला कोणी दिले, आपण पुढे ढकलू’ म्हणून गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाच्या हातावर टेकवणे हा प्रतिरूपक व्यवहारच. उलट चालते नाणे नाकारणेही योग्य नव्हे. दहा रुपयांच्या नाण्याच्या तोवर निघालेल्या सर्व १४ नक्ष्या चालतात, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

राज्याच्या नियमांचेही तसेच. २०११ च्या नाणे कायद्याने चलनातील नाणी वितळवणे हा गुन्हा असून त्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा जमिनीत पुरलेली नाणी सापडली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. छंद जोपासताना या तीन गोष्टी घरात सर्वांना माहीत असाव्यात.

मग गल्ल्यातील चुकीचा ठसा उमटलेले पाच रुपयांचे नाणे ठेवून घ्यावे की नाही? खुशाल ठेवावे. ते पाच रुपये म्हणून आले, गल्ल्यात पाच रुपये भरून बाजूला काढले, त्यात कोणाच्या घरची ठेव बुडाली नाही. पुढे विकताना मात्र जे आहे तेच सांगावे.

ठक्कुर फेरूंची वही

नाणेपारखीची जैन परंपरा जुनी आहे. दिल्लीच्या सुलतानांच्या टाकसाळीत काम केलेले श्रीमाल जैन ठक्कुर फेरू यांनी १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या राज्यांची नाणी, त्यांचे वजन, त्यांतील सोन्याचांदीचे प्रमाण आणि त्यावरून ठरणारी किंमत, असा त्याचा विषय. टाकसाळीतील माणसाने हातची विद्या मुठीत न ठेवता लिहून ठेवली, म्हणून ती सातशे वर्षांनंतरही वाचता येते.

तेच घरोघरी लहान प्रमाणात करता येईल. मुलांना एक वही द्यावी. आरंभ भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये निघालेल्या पाच रुपयांच्या नाण्याने करावा. त्यात चांदी नाही, तांबे-निकेल आहे, पण ते आजही एखाद्या चिल्लरीत भेटू शकते आणि मुलांना शोधायला आवडेल. वहीत पाच रकाने आखावेत: नाणे, साल, टाकसाळीची खूण, वजन, आणि शेवटचा, कोणाकडून आले.

पहिले चार रकाने भिंग व काटा भरून देतील. पाचवा भरताना मुलाला आठवावे लागेल, विचारावे लागेल, आणि एखाद्या वेळी नाणे कागदात गुंडाळून कोणाच्या तरी दारी पोचवावे लागेल. दिवाळीत वहीपूजन होईल तेव्हा चोपडीशेजारी ही वहीही पाटावर ठेवावी.